प्रश्नचिन्हापुढचे सुभेदार

सुभेदारांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पळताना. त्यानंतरही बहुतेक वेळा पळतानाच पाहिलं म्हणा, पण ते पहिलं पळणं काही वेगळंच होतं. साखर कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून माझा पहिला दिवस. सांगलीहून एसटीनं आलेली, नवी साडी सावरत पायऱ्या चढतेय, तोच आतून एक धिप्पाड, मिशाळ गृहस्थ सुटले. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. अख्खं आवार ओलांडून ते वजनकाट्याच्या खोलीत शिरले. मला वाटलं, कुठंतरी आग लागली.

आग नव्हती. काट्यावरचा फोन वाजत होता. काट्यावरचा माणूस फोनच्या शेजारीच बसून निवांत विडी पेटवत होता. सुभेदारांनी त्याच्या डोक्यावरून हात घालून रिसीव्हर उचलला आणि ओरडले, "हां, बोला! ऐकतोय!"

फोन चुकून लागला होता. कुणाला तरी कराडचा दवाखाना हवा होता. सुभेदारांनी पेशंटला काय होतंय ते विचारून घेतलं, आधी ताक द्या म्हणून सांगितलं आणि मगच फोन ठेवला. मग काटेवाल्याकडं वळले.

"कानात काय बोळं घातल्यात काय रं? माणूस हाक मारतोय!"

"आवं सुभेदार, उचलतच हुतो. विडी तरी पेटू दे."

"तवर पलीकडचा मेला म्हंजी?"

साताऱ्याकडच्या बऱ्याच घरांत असतो तसा हा फौजेतला माणूस. सारी नोकरी सिग्नलमध्ये गेलेली; डोक्याला हेडफोन लावून डोंगरावर बसायचं आणि हाका मारायच्या, हाका ऐकायच्या. त्यांचा एकच कायदा होता. हाक आली की जबाब द्यायचा. जबाब आला नाही तर पलीकडचा माणूस गेला असं धरायचं. कुठल्याशा बर्फातल्या ठाण्याला त्यांनी एकदा दिवसभर हाका मारल्या होत्या आणि उत्तर आलं नव्हतं. हे त्यांनी कँटीनमध्ये एकदाच सांगितलं, तेही भज्यांची बशी पुढं सरकवता सरकवता. मग कुणीतरी दारातून "अहो!" म्हणालं आणि ते उठून गेले. "अहो" दुसऱ्याच कुणाला होतं.

पेन्शनीत आल्यावरही हा कायदा त्यांनी उतरवून ठेवला नाही. त्यांच्याशी बोलताना तुम्ही नुसती मान हलवलीत तर चालायचं नाही. "पोचलं" असं तोंडानं म्हणावं लागे. नाही म्हटलंत तर ते तेच वाक्य पुन्हा, आणखी मोठ्यानं सांगायचे. नवा शेती अधिकारी जरा तोऱ्यातला होता. त्यानं पहिल्या दिवशी मान हलवली आणि मुकादम आजारी असल्याची बातमी चार वेळा ऐकली. चौथ्या वेळी ती मळीच्या टाकीपर्यंत सगळ्यांनीच ऐकली.

वाट बघणं म्हणजे तर त्यांच्या अंगाला खाजकुयली. चहा उकळता प्यायचे. एसटी थांबायच्या आत उतरायचे. गावच्या देवीला कौल लावायची पद्धत होती. देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं चिकटवायची आणि कुठल्या बाजूचं पडतं ते बघत गप बसायचं. उजवं पडलं की होकार. त्यांच्या पुतण्याच्या लग्नाचा कौल लावलेला, सगळं गाव देवळात बसलेलं, फूल काही हलेना. सुभेदारांनी थोडा वेळ कळ काढली. मग उठले, गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेले आणि तोंडाशी दोन्ही हातांचा कर्णा करून म्हणाले, "आई, ऐकू येतंय का?" त्या आवाजानं दोन्ही फुलं एकदम पडली. पुजाऱ्यानं डोक्याला हात लावला. लग्न झालं. संसारही चांगला चालला, पण पुतण्याची बायको भांडणात अजून ती दोन फुलं काढते, असं ऐकून आहे.

आता असा माणूस आणि त्याच्या ताब्यात कारखान्यानं काय दिलं? कॉम्प्युटर!

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सांगली-साताऱ्यात कॉम्प्युटर हा शब्द पेपरात वाचलेला, डोळ्यांनी कुणी पाहिलेला नाही. पुण्याच्या एका कंपनीनं वापरून झालेला एक आमच्या गळ्यात मारला. गोदरेजच्या दोन कपाटांएवढं धूड, त्याला जोडलेला एक मोठा टाइपरायटर, आणि भोकं पाडलेल्या कागदी पट्टीचं एक रीळ. त्याच्यासाठी थंड खोली बांधली. पंचक्रोशीतली ती एकच थंड खोली, त्यामुळे चपला काढून, हात जोडून आत यायला लोकांना फार आवडायचं. काम ठरलं होतं: कुणाचा ऊस कधी तोडायचा, ती पाळी यंत्रानं लागणीच्या तारखेप्रमाणं छापायची. आजवर ही पाळी हातानं लागायची. हातानं म्हणजे कुणाच्या हातानं, ते साऱ्या तालुक्याला माहीत होतं.

टेलिप्रिंटर हाताळलेला माणूस कारखान्यात एकच, म्हणून यंत्र सुभेदारांकडं आलं. पट्ट्यांवर शेतकऱ्यांची नावं आणि तारखा टाइप करायला मी.

हे यंत्र सुरू करायची रीत अशी. बटण दाबायचं. मग पट्टी खडखड करत यंत्राच्या पोटात जायची, कारण सकाळी उठल्यावर त्याला काहीच आठवत नसे. आपण कोण, काय करतो, सगळं त्या पट्टीवरून रोज नव्यानं वाचून घ्यायला लागे. पट्टी संपली की टाइपरायटरची घंटी वाजायची, टिंग! आणि कागदावर एक प्रश्नचिन्ह उमटायचं. मग शांतता.

इथं काही करायचं नव्हतं. पुण्याच्या इंजिनिअरनं हे आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. ते प्रश्नचिन्ह फक्त त्याच्यासाठी, दुरुस्तीला आला तर आत शिरायला ठेवलेलं दार. कुणी काही दाबलं नाही की यंत्र थोडा वेळ थांबतं आणि आपलं आपण रोजच्या कामाला लागतं. पण त्या थोड्या वेळात एखादं बटण जरी दाबलं गेलं, तरी यंत्राला वाटायचं इंजिनिअर आला. मग ते असले प्रश्न विचारी की आमच्यातल्या एकालाही कळू नयेत. तिथून परत फिरायला वाट नाही. सगळं बंद करायचं आणि पट्टी पहिल्यापासून.

"म्हणजे काहीच करायचं नाही," इंजिनिअर म्हणाला, आणि चारची गाडी पकडून गेला.

काहीच करायचं नाही! वाचकहो, एवढं अवघड काम मला जन्मात कुणी सांगितलेलं नाही.

ती शांतता होती तरी किती? एक पान जुळवून तोंडात घालावं, एवढी. पण ती तुमच्याकडं बघत बसायची. यंत्र "थांबा" म्हणत नव्हतं, "येतोच" म्हणत नव्हतं. एक प्रश्न विचारून तोंड मिटून बसलं होतं. चीफ अकौंटंट पाहायला आले, त्यांना वाटलं बंद पडलं. घरच्या रेडिओला मारतात तशी त्यांनी कपाटाला एक थाप मारली. हेडक्लार्कनं, काही विचारलं तर उत्तर देणं बरं दिसतं म्हणून, टाइप केलं "येस". स्टोअरकीपरनं "नो" करून पाहिलं. माझीही बोटं टायपिस्टची. कळपट्टी समोर आणि बोटं स्वस्थ, हे त्यांना जमेचना. मी हात मांडीखाली घेऊन बसायला लागले. आमचे वायरमन चाचा, मिरजेचे, ते त्या शांततेला "कौल" म्हणायला लागले आणि साऱ्या ऑफिसात तोच शब्द झाला. "गप बसा, मशीननं कौल लावलाय."

आणि सुभेदार? टिंग झालं की सुभेदारांचा हात सुटलाच. त्यांना दोष तरी कसा द्यायचा? साऱ्या आयुष्यात घंटी वाजली आणि त्यांनी जबाब दिला नाही, असं झालंच नव्हतं.

इंजिनिअर पुन्हा आला, पुन्हा समजावलं.

"सुभेदारसाहेब, तुम्ही त्याला उत्तर का देता?"

"त्यानं इचारलं म्हणून."

"अहो, पण ते तुम्हाला विचारत नाही!"

सुभेदारांनी खोलीभर नजर फिरवली. "मग हितं दुसरं हाय कोण?"

यावर इंजिनिअरनं चष्मा पुसला.

सुभेदारांनी उपाय केले. हात पाठीमागं बांधून उभे राहिले. टिंग झाल्यावर कोपरानं दाबलं. खोलीबाहेर जाऊन थांबले; काचेतून प्रश्नचिन्ह दिसलं, धावत आत आले. चाचांनी सुचवलं, "कानात कापूस घाला की, सुभेदार." घातला. त्या दिवशी घंटी ऐकू आली नाही म्हणून यंत्राला काहीतरी झालं समजून त्यांनीच बटण दाबलं. दर वेळी पट्टी पहिल्यापासून. आणि पट्टी होती कागदाची! एक प्रत फाटून गेली. दुसरीला मी डिंकानं इतकी ठिगळं लावली होती की ती चालायला लागली की आम्ही तिघंही श्वास धरायचो. पुण्याहून नवी येईपर्यंत हंगाम सुरू झाला असता.

"सोडा की नाद," मी एकदा वैतागून म्हणाले. "हातानंच लागू दे पाळी. एवढं काय अडलंय?"

सुभेदारांनी हातातलं रीळ खाली ठेवलं. मग म्हणाले, "बाई, माझ्या आक्काचा ऊस बघितला न्हाई तुमी गेल्या साली."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. नवरा गेलेला, एकुलती लेक फलटणला दिलेली, थोडा ऊस. गेल्या हंगामात तिची तोड लागेचना. शेती खात्यात जाऊन आवाज चढवणारं तिच्या घरात कुणी नव्हतं. सुभेदार तेव्हा फौजेतून नुकते सुटत होते. तोडणीवाले आज येतील, उद्या येतील करता करता उन्हाळा आला, उसाला तुरे आले, कांड्या आतून पोकळ झाल्या. शेवटी कोयते घेऊन टोळी आली तेव्हा तो ऊस म्हणजे चिपाडं. "रोज फडाच्या बांधाला बसून ऱ्हायची," सुभेदार म्हणाले. "कुणी सांगितलंच न्हाई तिला, कवा." एवढं बोलून ते उठले आणि कुठंही फोन वाजत नसताना बाहेर निघून गेले.

मोळी टाकायच्या, म्हणजे हंगाम सुरू करायच्या आदल्या दिवशी चेअरमन स्वतः यंत्र बघायला येणार होते. सगळे त्यांना आबा म्हणत. आबांनी मीटिंगमध्ये साफ सांगितलं होतं, "उद्या यंत्रानं पाळी छापली तर यंत्राची खरी. न्हाई छापली तर हातची तयारच हाय. आन मग सुभेदार, तुमी फाटकावर. रुबाब चांगला हाय तुमचा, फाटकाला शोभंल." हातची यादी शेती खात्याच्या ड्रॉवरमध्ये होती. वरची नावं कुणाची असणार हे विचारायची गरज नव्हती. आक्काचं नाव शोधायला मात्र शेवटच्या पानापर्यंत जावं लागलं असतं.

त्या सकाळी थंड खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आबा खुर्चीवर, भोवती डायरेक्टर, कोपऱ्यात शिडीवर चाचा, काहीतरी वायर तपासण्याच्या निमित्तानं चढलेले. खिडक्यांच्या काचांना बाहेरून शेतकऱ्यांची नाकं टेकलेली. त्यांच्यात डोईवर पदर घेतलेली, उन्हानं रापलेली एक बाई मला दिसली आणि मिशा सोडल्या तर अगदी सुभेदारांचा चेहरा. ती आक्का, हे सांगायला कुणी लागलं नाही.

सुभेदारांनी नारळ फोडला, बटण दाबलं. पट्टी खडखडत निघाली. पहिलं ठिगळ गेलं. दुसरं गेलं. मोठं ठिगळ अडल्यासारखं झालं, सुटलं. पट्टी संपली.

टिंग.

प्रश्नचिन्ह.

"काय म्हणतंय?" आबा.

"काय न्हाई, साहेब. गप ऱ्हायचं."

सुभेदारांच्या कपाळावर, त्या गारठ्यात, घामाचे थेंब आले होते. उजवा हात डाव्यानं मनगटाशी धरलेला. मी मांडीखाली हात घालून बसलेले. कुणीतरी खोकलं.

"बंद पडलं वाटतं," एक डायरेक्टर म्हणाले.

"वाटतं काय, पडलंच," दुसरे.

"आरं, त्यानं प्रश्न इचारलाय! ह्येला सांगा की काय तरी!"

"गप ऱ्हायचं, साहेब," सुभेदार पुन्हा. आवाज फाटायला आला होता.

पहिले डायरेक्टर म्हणजे देहानं पैलवान, ऐन तारुण्यात तेही फौजेत हवालदार होते. हातात काम नसलं की त्यांना करमत नसे. "आवं, सरा तिकडं," म्हणत ते पुढं झाले आणि केळ्याएवढं एक बोट टाइपरायटरकडं निघालं. माझ्या डोळ्यांपुढं ती पट्टी, ती ठिगळं. पुन्हा एकदा चालली असती तर तिचा भुगाच झाला असता. बोट कळीच्या अगदी वर आलं.

"सावधाऽऽन!"

मी परेड मैदान कधी पाहिलेलं नाही. पण त्या खोलीच्या काचा थरथरल्या. आणि काय सांगू, हवालदार-डायरेक्टरांच्या टाचा खाडकन जुळल्या, छाती पुढं, हात मांड्यांना चिकटले, ते केळ्याएवढं बोटसुद्धा. खोलीतले निम्मे, खिडकीबाहेरचे निम्म्याहून जास्त जुने फौजी. सगळे एका ठोक्यात ताठ. जे फौजी नव्हते ते शेजाऱ्याकडं बघून ताठ झाले. चाचा शिडीवर सावधान. आबा खुर्चीतून कधी उठले ते त्यांनाही कळलं नाही. मी उभी. आणि सगळ्यांत ताठ उभे होते ते खुद्द सुभेदार. घंटीला जबाब न द्यायला त्यांना फौजेतला हुकूम लागत होता, आणि हुकूम देणारं खोलीत दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तो त्यांनी स्वतःलाच दिला होता.

कुणी हललं नाही. प्रश्नचिन्ह कागदावर तसंच.

मग टाइपरायटर स्वतःशीच एकदा खाकरला आणि सुटला. खटखटखट, ओळीमागून ओळ, कागद गुंडाळीतून उसळून जमिनीवर पडायला लागला. तरी सगळे ताठच. कारण सुभेदार "विश्राम" म्हणायला विसरले होते. शेवटी आबा मान न हलवता, ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाले, "सुभेदार, सोडा की आता. गुडघं धरलं."

नावं इंग्रजी अक्षरांत होती, ती मी वाचून दाखवली. आबांच्या पुतण्याचं नाव बरंच खाली निघालं. हवालदार-डायरेक्टरांच्या मेहुण्याचं त्याच्याही खाली. "यंत्राला काय अक्कल हाय?" असं कुणीतरी म्हणालं. पण बाहेर खिडकीशी अख्खा गाव ऐकत होता. आबा मुरलेले गृहस्थ. त्यांनी खिडकीकडं पाहिलं, हवालदार-डायरेक्टरांकडं पाहिलं आणि हसले. "छापलंय न्हवं? मग झालं. यंत्राची खरी." बाहेर शिट्ट्या झाल्या.

गर्दी पांगली तेव्हा आक्का आत आली. चपला बाहेर काढल्या, यंत्राला लांबूनच हात जोडले आणि भावाकडं वळली.

"आरं, किती वरडतुयास. बहिरं करशील लोकांस्नी. माझं कवा हाय ते सांग."

सुभेदारांनी कागद उचलला. वरून खाली बघत गेले. आणखी खाली. मला ते माहीतच होतं, तारखा मीच टाइप केल्या होत्या. गेल्या हंगामात तिची तोड उशिरा झाली, म्हणून रान उशिरा मोकळं झालं, म्हणून नवी लागणही उशिराची. यंत्रानं तारीख बघितली होती. तारखेच्या मागचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

सुभेदार बोलेनात. हाक आली आणि जबाब नाही, असं मी त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच पाहिलं.

"आरं बोल की! मुका झालास व्हय?"

"शिमग्याच्या आधीचा पंधरवडा, आक्का." मग माझ्याकडं न बघता, हळू आवाजात, "बाई, एक ओळ वर घ्यायला किती येळ लागंल?"

वेळ काहीच लागला नसता. खोलीत आम्ही तिघंच होतो. मी कळपट्टीकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं पाहिलं.

"काय वर घेतुयास?" आक्का म्हणाली.

"तुझं नाव. लय खाली गेलंय."

"शिमग्याच्या आधीचा पंधरवडा म्हनलास न्हवं?"

"व्हय."

"नक्की?"

"छापलंय."

"तवा तुरं येत्यात का?"

"थोडं थोडं. चिपाड न्हाई हुयाचं."

आक्कानं थोडा विचार केला. "मग ऱ्हाऊ दे तिथंच. एवढा बोंबलून कायदा केलास, आन पैल्या दिशीच मोडतुयास?" मग मला म्हणाली, "बाई, गेल्या साली दिवाळीपास्नं रोज सकाळी टोळीसाठी भाकरी थापून ठेवीत हुते बगा. आज येत्याल म्हणून. दुपारी त्याच भाकरी म्हशीफुडं. औंदा त्या पंधरवड्यातच थापीन."

सुभेदार काहीतरी बोलणार होते, पण ती निघालीच होती. कोपऱ्यात ठेवलेली पिशवी तिनं काखेत मारली. दुपारच्या गाडीनं तिला फलटणला जायचं होतं, लेकीकडं, चांगली संक्रांतीपर्यंतसुद्धा राहीन म्हणाली, नातवंडं आहेत. गेला अख्खा हंगाम ती उसाचा बांध सोडून कुठं गेली नव्हती.